क्रान्त्सचा चौथा डाउन

क्रान्त्सला सोडायचं नाही, हे यामिनीनं मैदानावरच ठरवलं होतं. कसं, ते मात्र तिला बरेच दिवस सुचत नव्हतं.

तिचा नवरा अश्वजित कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळत वाढलेला. इंजिनियर होऊन इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आला आणि ऑफिसातल्या एकाच्या नादानं 'डोनाउ फाल्कन' या क्लबात शिरला. तिथला फुटबॉल वेगळा, अमेरिकन. लांबुळका चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि अंगावर अंग आदळत पुढे सरकायचं. पण त्या धुमश्चक्रीतही एक माणूस असा लागतो, ज्यानं फक्त चेंडूला लाथ मारायची आणि तो समोरच्या दोन उंच खांबांमधून पलीकडे घालवायचा. तो किकर. कोल्हापूरच्या उजव्या पायाला हे काम जमलं. बाकीचे गडी चिखलात लोळायचे. अश्वजित स्वच्छ कपड्यांत बाकावर बसून असायचा, बोलावलं की जायचा, लाथ मारायचा, परत यायचा. "आमचा इंडर," म्हणजे आमचा भारतीय, असं सगळे त्याला म्हणत. प्रेमानंच म्हणत, असं तो सांगायचा.

यामिनी नागपूरची. म्युनिकच्या एका संस्थेत संख्याशास्त्रावर संशोधन करायची, रोज ट्रेननं ये-जा. क्लबाला सामन्यांचं चित्रीकरण करायला माणूस नव्हता, म्हणून रविवारी ती कॅमेरा घेऊन मचाणावर उभी राहू लागली. दुसऱ्या हंगामापर्यंत तिला खेळ असा कळायला लागला की प्रशिक्षक क्रान्त्स स्वतः तिला विचारायला यायचा. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. चौथी संधी म्हणजे चौथा डाउन. ती वाया गेली की चेंडू समोरच्यांचा. म्हणून बहुतेक प्रशिक्षक चौथ्या डाउनला घाबरून किक मारून मोकळे होतात. "घाबरू नका, पुढे जा," असं यामिनीनंच क्रान्त्सला आकडे मांडून पटवलं होतं. अंगापिंडानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा असा तो माणूस तिच्यापुढे मान डोलवायचा, "गेनाऊ, फ्राऊ यामिनी, गेनाऊ." अगदी बरोबर, यामिनीबाई, अगदी बरोबर.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात शेवटचा सामना होता. जिंकला तर संघ वरच्या गटात. शेवटचं मिनिट चालू, फाल्कन दोन गुणांनी मागे, आणि चौथा डाउन. किक खांबांमधून गेली असती तर तीन गुण आणि विजय. पण अंतर चव्वेचाळीस यार्ड, आणि नदीकडून सरळ तोंडावर वारा. नाहीतर मग चेंडू घेऊन तीन यार्ड पळायचं, नव्या चार संधी मिळवायच्या आणि जवळून किक मारायची.

क्रान्त्सनं अश्वजितला मैदानात पाठवलं. सगळ्यांना वाटलं, किक. समोरचेही तेच समजले. पण चेंडू धरणाऱ्यानं तो जमिनीवर न टेकवता अश्वजितच्या हातात दिला, आणि तो पळाला. आयुष्यात पहिल्यांदा चेंडू छातीशी घेऊन तो माणसांच्या भिंतीत घुसला. एक यार्ड, दोन यार्ड. मग डावीकडून एक आणि समोरून एक असे दोघं त्याच्यावर आदळले. पाऊल जमिनीत रुतलं आणि गुडघा भलतीकडेच वळला. वर कोसळलेल्या माणसांच्या टेकडीएवढ्या ढिगाखालून त्याची किंकाळी मचाणापर्यंत आली.

तीन यार्डांना वितभर कमी पडलं होतं.

यामिनीचा डोळा कॅमेऱ्यालाच लागलेला होता. तिनं पाहिलं, क्रान्त्स धावत मैदानात आला. तिला वाटलं, अश्वजितकडे येतोय. तो आलाही. आणि आडव्या पडलेल्या अश्वजितला ओलांडून पलीकडे पंचाकडे गेला, चेंडू कुठे ठेवला त्यावरून भांडायला. खाली पाहिलंसुद्धा नाही. झोपल्या माणसालाही आपल्यात कुणी ओलांडत नाही; चुकून ओलांडलं तर उलटं ओलांडून परत येतात. यामिनीनं कॅमेरा चालूच ठेवला.

इस्पितळात क्रान्त्स फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गावच्या पेपरात त्याची मुलाखत आली. "खेळी बरोबर होती," तो म्हणाला होता, "पण आमचा इंडर एक क्षण थबकला. भीती वाटली त्याला. माणूस आहे, चालायचंच."

अश्वजितनं ते वाचलं आणि पेपरची घडी करून उशाखाली सारली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो चालेल, पण खेळणं संपलं.

यामिनीनं आधी सरळ वाट धरली. क्लबाचे अध्यक्ष हूबर यांच्याकडे गेली, चित्रीकरण दाखवलं. भल्या चेहऱ्याच्या त्या म्हाताऱ्यानं मान हलवली. "वाईट झालं. पण खेळाच्या भरात माणसाला भान राहत नाही. असो, पुष्पगुच्छ पाठवतो आम्ही." पुष्पगुच्छ आला. त्यावरच्या कार्डावर अश्वजितचं नाव चुकलेलं होतं.

एका शनिवारी अश्वजितच्या ऑफिसातला जयंत भेटायला आला. पुण्याचा, गप्पिष्ट. सोफ्यावर पाय लांब करून बसलेल्या अश्वजितसमोर पोह्यांची बशी रिकामी करत म्हणाला, "काय येडा कोच आहे रे तुमचा! तीन गुण पुरेसे होते, किकर उभा होता, आणि हा त्याला पळवतो?"

"येडा नाही," यामिनी म्हणाली. "निर्णय बरोबर होता."

"वहिनी, तुम्ही असं म्हणता?"

"त्या वाऱ्यात, त्या अंतरावरून चार किकांतली एक गेली असती. तीन यार्ड मात्र निम्म्या वेळा तरी मिळतात. आणि समोरच्यांना किकच येणार असं वाटत होतं, म्हणजे निम्म्याहून जास्तच. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं."

"मग हरलो कसे?"

"वितभरानं. बरोबर निर्णयही फसतो, जयंत."

कितीतरी दिवसांनी अश्वजितच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. यामिनीला तो दिसला. तिनं त्याचा अर्थ लावला नाही, कारण जयंतच्या पुढच्या वाक्यानं तिच्या डोक्यात वेगळाच दिवा लागला होता.

"तुम्ही काही म्हणा, क्लबात सगळे त्याच निर्णयावरून पेटलेत. नोव्हेंबरच्या सभेत त्याला काढा म्हणताहेत. वरच्या गटातली बढती हुकली, प्रायोजकही गेला ना हातचा!"

म्हणजे अश्वजितच्या गुडघ्याबद्दल कुणी क्रान्त्सला हात लावणार नव्हतं. हुकलेल्या बढतीबद्दल लावणार होतं. ठीक आहे, यामिनीनं मनाशी म्हटलं. ज्या दारानं साप बाहेर येतो त्याच दाराशी काठी घेऊन बसायचं.

सभा रविवारी सकाळी, मैदानालगतच्या क्लबाच्या खानावळीत भरली. खानावळ एका ग्रीक जोडप्याची. त्यांनी पांढरे सॉसेज आणि बियरचे ग्लास मांडले, आणि पहिल्या तासातच वाद भडकला. अर्धे म्हणत, क्रान्त्स जुगारी आहे. अर्धे म्हणत, धाडस केलं, बिघडलं काय? क्रान्त्स हाताची घडी घालून शांत बसला होता. मग तो उठला आणि खर्जात म्हणाला, "माझ्यावर विश्वास नसेल तर फ्राऊ यामिनींना विचारा. आकडे त्यांच्याकडे आहेत. बोला, फ्राऊ यामिनी."

त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडलं होतं.

यामिनी उठली. लॅपटॉप पडद्याला जोडला. "मी फक्त दाखवते," ती म्हणाली. "मत तुम्हीच बनवा."

पडद्यावर अश्वजित दिसला. सरावातला, ऑगस्टच्या उन्हातला. चव्वेचाळीस यार्डांवरून किक मारली, चेंडू खांबांमधून गेला. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथी खांबाला लागून बाहेर, पाचवी पुन्हा आत. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही. अंगावर धावून येणारं समोर कुणीच नव्हतं, हेही नाही.

"म्हणजे तो मारू शकत होता?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हीच पाहिलंत," यामिनी म्हणाली. "इतका चांगला किकर उभा असताना त्याला किक मारू दिली नाही. का, ते प्रशिक्षकांना विचारा."

क्रान्त्स तिच्याकडे पाहतच राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "वारा!" तो ओरडला. "त्या दिवशी वारा होता!" पण आता त्याचं कोण ऐकतंय? वारा म्हणजे हरलेल्या माणसाची सबब. हात वर झाले आणि हूबर यांनी मोजायची गरजही पडली नाही. सहा वर्षं चालवलेल्या संघातून क्रान्त्स अर्ध्या तासात बाहेर होता.

तो पार्किंगमध्ये तिची वाट पाहत थांबला होता. जॅकेटची चेन न लावता, थंडीत.

"निर्णय बरोबर होता," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत मला."

"हो," यामिनी म्हणाली. "गेनाऊ."

"मग का?"

या प्रश्नाची तिनं दोन महिने वाट पाहिली होती. एकेक शब्द तोलून ती म्हणाली, "माझा नवरा पडला होता. तुम्ही त्याला ओलांडून गेलात."

क्रान्त्सनं कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. "मी? कधी?"

त्याला आठवतच नव्हतं. यामिनीला वाटलं होतं, हे वाक्य सुरीसारखं आत जाईल. ते त्याच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळून गेलं. तिनं गाडीचं दार उघडलं आणि आत बसून ते जोरानं लावून घेतलं. तरीही घरी जाताना, डोनाउच्या पुलावर, तिच्या ओठांवर हसू आलं. आठवो न आठवो, गेला. घरी बसेल. लोक बोटं दाखवतील. बरं झालं.

घरी अश्वजित फोन ठेवत होता. हूबर यांचा होता.

"अभिनंदन केलं त्यांनी माझं," तो म्हणाला. "म्हणाले, सगळ्यांना पटलं, तू ती किक मारली असतीस."

"क्रान्त्सला काढलं," यामिनी म्हणाली.

"कळलं. मारली असती का गं मी?"

ती लॅपटॉपची पिशवी उतरवायला वळली.

"चव्वेचाळीस यार्ड, तोंडावर वारा. सांग ना. जयंतला सांगितलंस तसं सांग."

"नाही. बहुतेक नाही."

"हां." अश्वजितनं कुबडी बाजूला ठेवली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दोन वर्षं मी तिथं लाथ मारून बाकावर बसणारा माणूस होतो. त्या एका खेळीत त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. माझ्या भरवशावर सगळा हंगाम टाकला. आणि मी थबकलो नव्हतो, यामिनी. पावणेतीन यार्ड मी गेलो, दोघांना अंगावर घेऊन. गुडघा गेला तरी तेवढं माझ्याजवळ होतं. तू त्या दिवशी 'निर्णय बरोबर होता' म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, चला, हिला कळलं. आज तू गावाला सांगितलंस की मला पळवणं हाच मूर्खपणा होता."

"तो तुला भित्रा म्हणाला!"

"मग ते खोटं आहे असं सांगायचंस. ते चित्रीकरण होतं की तुझ्याकडे. मी न थबकता घुसतोय, ते. ते का नाही दाखवलंस?"

तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिने ती क्रान्त्सला कुठे मारायचं तेवढंच शोधत होती. ती सोफ्याच्या कडेवर बसली. पश्चात्ताप झाला असं नाही. क्रान्त्सचा लाल झालेला चेहरा आठवून आतून अजूनही गोड वाटत होतं. पण त्या गोडीला ती एकटीच वाटेकरी होती.

क्रान्त्स काही घरी बसला नाही. वसंतात बॉबलिंगेनजवळच्या एका संघानं त्याला घेतलं. ते कळल्यावर अश्वजित म्हणाला, "मे महिन्यात त्यांचा सामना आहे. मी जाणार. गाडी चालवशील?"

सामन्याआधी तो काठी टेकत थेट मैदानाच्या कडेला गेला. यामिनी मागे चार पावलांवर थांबली. क्रान्त्सनं त्याला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं.

"मी तिथे पडलो होतो," अश्वजित स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला. "तुम्ही मला ओलांडून गेलात. आणि मला भीती वाटली नव्हती. ते तुम्ही खोटं बोललात."

क्रान्त्सनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "भीतीचं..." तो म्हणाला, "ते मी बोललो, कारण कुणावर तरी ढकलायचं होतं. मला माहीत होतं तू थबकला नव्हतास." त्यानं हात पुढे केला.

अश्वजितनं तो घेतला नाही. "खोटं पेपरात सांगितलंत, तसं हेही पेपरात सांगा," एवढंच बोलून तो वळला. मैदानावरचे खेळाडू, पाणी भरणारी माणसं, सगळे क्रान्त्सच्या अधांतरी राहिलेल्या हाताकडे बघत होते.

दोघं लाकडी बाकांवर जाऊन बसले. दुसऱ्या सत्रात क्रान्त्सच्या संघाचा चौथा डाउन आला, दोन यार्ड हवे होते. त्यानं किकरला बोलावलं नाही.

"जातोय तो," अश्वजित पुढे झुकत म्हणाला. "बरोबर आहे ना?"

यामिनीनं मैदानाकडे, वाऱ्यात फडफडणाऱ्या निशाणांकडे पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मनातल्या मनात, सगळा जीव एकवटून, तो फसावा म्हणून वाट पाहत राहिली.