लाल ठिपक्याची कडी

लाल रंगाचा एक ठिपका. सायकलच्या ट्यूबची पट्टी. दुपारचे तीन. तेरा नंबरचा पाना. सोपानरावांचं नसलेलं बोट. निळी मखमल.

मित्रांनो, या सगळ्यात मी आहे. मी एक जुनी पोलादी कडी आहे, बेअरिंगची. नापास कडी. चाकणच्या एका कंपनीत माझा जन्म झाला. भट्टीत तापले, तेलात विझले, दगडावर घासली गेले. माझ्यासोबतच्या हजारो कड्या गाड्यांच्या चाकांत बसल्या आणि देश बघायला निघाल्या. मी मात्र केसभर जाड भरले. तपासणीच्या टेबलावर माझ्या पाठीवर लाल ठिपका पडला आणि मी भंगाराच्या पेटीत गेले.

तिथून मला किसनने रीतसर परवानगी काढून बाहेर आणलं. तो त्याच कंपनीत कामाला होता. त्याने मला ट्यूबच्या पट्टीला टांगलं आणि पान्याने एक टोला दिला. मी अशी वाजले की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"किसनभाऊ, ही तर देवळातल्या घंटेला भारी पडली राव!" किसनसोबत काम करणारे सोपानराव म्हणाले.

"घंटा देवाला उठवते. हिला माणसं उठवायचीत."

किसन गाणी रचायचा आणि गायचा. पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी आत जाते, ती तीनची वेळ. गेटसमोरच्या टपरीपाशी तो उभा राहायचा. दहाच मिनिटं.

"गेट उघड रे दादा, माझं काहीतरी राहिलं,
सांग गड्या सांग, तुझं आत काय राहिलं?"

मग मला टोला. पाना ज्याच्याकडे वळेल त्याने उत्तर द्यायचं. "डबा!" कुणी ओरडायचा. "झोप!" दुसरा. सोपानराव दर वेळी पंजा वर करून एकच सांगायचे, "बोट!" ते कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये गेलं होतं. येईल त्या उत्तरावर किसन उभ्या उभ्या पुढचं कडवं बांधायचा. वीस वर्षं एकच गाणं गायलं, पण तेच गाणं दोनदा कधी गायलं नाही. दुसऱ्या शिफ्टची माणसं मुद्दाम लवकर यायची.

गेल्या वर्षी किसन गेला.

पहिला स्मृतिदिन काळेवाडीतल्या एका हॉलमध्ये ठरला. त्याच्या भाच्याने, ज्ञानेशने, फार प्रेमाने तयारी केली. मला काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर झोपवलं. मित्रांनो, कडी टांगली तर वाजते. मखमलीवर ठेवली तर ती नुसतं लोखंड असते.

तीनशे माणसं आली. ज्ञानेशने किसनचं एकमेव रेकॉर्डिंग लावलं. "कडीचा टणटणाट काढून टाकलाय. आवाज एकदम क्लीन!"

आवाज खरंच स्वच्छ होता. "तुझं आत काय राहिलं?" स्पीकरने विचारलं. स्पीकरला काय सांगायचं? मागच्या रांगेतले दोघे चपला शोधायला लागले. मला कळलं, ही माणसं आज अशीच घरी गेली तर हे गाणं पुन्हा कुणी म्हणणार नाही. मी काचेत होते. काहीच करू शकत नव्हते.

पुढच्या रांगेतून किसनची बायको, कौशल्याबाई, उठल्या. "करिष्मा, काढ तिला बाहेर."

"मामी, जुनी वस्तू आहे. जपायला नको?" ज्ञानेश म्हणाला.

"जपायला ती काय लोणच्याची बरणी हाय व्हय? झाकण लावून काय मुरणार हाय तिच्यात?"

करिष्मा त्यांची मुलगी. चाकणलाच कंत्राटावर कामाला. घरातसुद्धा कधी मोठ्याने न गायलेली. तिने मला ट्यूबच्या पट्टीला टांगलं, बापाचा पाना उचलला. पहिला टोला तिरका बसला, तरी मी वाजले. पेटीतला सगळा राग काढून वाजले. तिचा सूर बापासारखा नव्हता. घसा दोनदा फाटला. पण प्रश्न तिने विचारला आणि पाना वळवला.

"बोट!" सोपानराव ओरडले. हॉल हसला.

पाना पुन्हा वळला. कंपनीच्या गणवेशातच आलेली रुपाली उभी राहिली. "माझं नाव! कार्डावर नुसता नंबर हाय."

हसू थांबलं. या उत्तरावरचं कडवं किसनकडेही नव्हतं. करिष्माने डोळे मिटले. मी तिच्या हातात लोंबत होते, वाट बघत.

"नंबर ठेव तुझ्यापाशी, नाव माझं दे,
आईनं ठेवलंय दादा, फुकट नाही ते!"

तीनशे गळ्यांनी ते उचललं. चपला शोधणारे परत येऊन बसले. ज्ञानेशने स्पीकरची पिन स्वतःच्या हाताने काढली.

आता करिष्मा तिच्या सुट्टीच्या दिवशी तीन वाजता मला गेटसमोर टांगते. सिक्युरिटीवाला हटकतो. आम्ही चार पावलं सरकतो आणि पुन्हा सुरू करतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतील. मी नाही सांगणार. मला मारा. जोरात मारा. गेलेल्या माणसाचं गाणं आवडत असेल तर त्याने तुमच्यासाठी सोडलेल्या जागेत तुमचं उत्तर घाला. मी झिजेन, गंजेन, एक दिवस तडकेनही. मखमलीवर मात्र झोपणार नाही.

तपासणीच्या टेबलावर त्या दिवशी किसन होता. लाल ठिपका त्यानेच लावला होता, आणि त्या ठिपक्यावरूनच मला भंगारात शोधलं होतं.