फुकटची गाडी

पत्रे ठोकून सपाट करायचं काम सकाळपासून चाललं होतं. वाऱ्यानं कोंबड्यांची शेड उचलून ओढ्यापलीकडं फेकली होती आणि जाताजाता घराचं अर्धं छप्परही नेलं होतं. भंगारवाला म्हणाला होता, सपाट करून आणा, जरा बरा भाव देतो. म्हणून आमचे हे दगडावर पत्रा ठेवून हातोडा मारत होते, मी टोक धरत होते आणि जाऊबाई चिखलातले खिळे वेचत होत्या.

रडलं कुणीच नव्हतं. मेलेल्या कोंबड्या पुरल्या, चिखल काढला, उरलेल्या अर्ध्या घरात चूल मांडली. गावातल्या बायका सांत्वनाला आल्या आणि आम्ही रडत नाही हे बघून जरा नाराज होऊन परत गेल्या. हात बधिर झाला की चिमटा काढलेला कळत नाही, तसं आमचं झालं होतं. जाऊबाई तेवढ्या रोज पहाटे उठायच्या, खाद्याची रिकामी बादली घ्यायच्या आणि शेड होती तिथं जाऊन उभ्या राहायच्या. थोड्या वेळानं बादली घेऊन परत. मी कधी विचारलं नाही. काय विचारणार?

दुपारी कंडक्टर आला. जन्मभर त्यानं बसमध्ये तिकिटं फाडली, आणि नोकरी संपल्यावर लोकांना घरावर कर्ज मिळवून द्यायचा धंदा धरला. घर तारण ठेवायचं, कंपनी पैसे देते, मधली सगळी धावपळ कंडक्टर करतो. गिऱ्हाइकाकडून एक पैसा घ्यायचा नाही. गाव म्हणायचं, विनातिकीट माणसाला भर रस्त्यात उतरवणारा आता सगळ्यांना फुकट बसवतोय, पापं फेडतोय बिचारा.

"छप्पर होईल, शेड होईल, वर कोंबड्यांनाही पैसे उरतील," तो यांना म्हणाला. "तुम्ही दोघांनी फक्त सह्या करायच्या. घर तुमच्या आणि वहिनींच्या नावावर आहे ना?"

"आहे," हे म्हणाले. "आणि तुमचं काय द्यायचं?"

"माझं काही नाही. चहासुद्धा नको."

यांचा चेहरा त्या वाऱ्यानंतर पहिल्यांदा जरा सैल झाला. जाऊबाई मात्र खिळे वेचायच्या थांबल्या. माझे थोरले दीर गेले त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून ही बाई एकटीच्या अकलेनं चालली आहे. बोलते कमी, आणि बोलली की पंचाईत करते.

"कंडक्टर," त्या म्हणाल्या, "तुमच्या बसमध्ये फुकट बसलेल्या माणसानं कधी विचारलं का हो, गाडी कुठं जाते म्हणून?"

कंडक्टर हसला. "तो कशाला विचारेल वहिनी? तो खाली मान घालून बसतो, माझी नजर चुकवून."

"मग मला तिकीट द्या."

"कसलं तिकीट?"

"तुमचं जे काही होत असेल ते. मी देते. मग विचारते."

कंडक्टर त्यांच्याकडं बघत राहिला. हे मात्र हातोडा टाकून उठले.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? तो फुकट करतोय आणि तुम्ही द्यायला निघालात! आणि देणार कुठून?"

"पत्र्यांचे येतील त्यातून."

"त्यातून ताडपत्री आणायचीय! वर आभाळ उघडं आहे, रात्री अंगावर पाणी गळतंय. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं आधी सल्ल्याचे पैसे मोजायचे? हा कुठला न्याय?"

यांचं काही चुकत नव्हतं. मी त्या ओल्या अंथरुणात झोपत होते, मला माहीत होतं. पण मी कुणाचीच बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नव्हतं. ताडपत्री आली काय, न आली काय.

जाऊबाईंनी ऐकलं नाही. पत्रे विकले, आलेले पैसे घेऊन त्या कंडक्टरच्या घरी गेल्या आणि मला बरोबर नेलं. कंडक्टरच्या ओसरीत एक खुर्ची, एक बाक, भिंतीला त्याची जुनी चामडी पिशवी टांगलेली. त्यानं पैसे घेतले, आणि सवयीनं त्याचा हात तिकीट फाडायला कमरेशी गेला. तिथं काही नव्हतं. तो ओशाळला.

"विचारा," तो म्हणाला.

"आतापर्यंत तुम्हाला पैसे कोण देत होतं?"

"कंपनी."

"ती कुठून देते?"

कंडक्टरनं जरा वेळ पायाचा अंगठा जमिनीवर घासला. "तुमच्याच हप्त्यातून. व्याजात धरलेलं असतं ते."

"बँकेचं व्याज कमी आहे म्हणतात. तिकडं का नेत नाही लोकांना?"

"बँक मला काही देत नाही, वहिनी."

"मग आम्हाला तिकडं न्या. तिकीट आहे आता आमच्याकडं."

"बँक पहिल्यांदा विचारेल, कोंबड्या कुठं आहेत? मिळकत दाखवा. तुमची मिळकत वाऱ्यानं नेली. ती तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"आणि तुमची कंपनी?"

"ती करते. ती मिळकत बघत नाही, घर बघते. पहिलं वर्ष हप्ता हलका असतो. नंतर चढतो."

जाऊबाई बाकावरून जरा पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं घर असतं तर?"

कंडक्टर उठला, टांगलेली पिशवी उगाच सरळ केली आणि आमच्याकडं पाठ करूनच बोलला. "चढू नका. ही गाडी तुमच्या गावाला जात नाही."

घरी येऊन जाऊबाईंनी सही करणार नाही म्हणून सांगितलं. हे आधी हसलेच. मग म्हणाले, "लोक पैसे देऊन काम करून घेतात. तुम्ही पैसे देऊन नकार विकत आणलात!" आणि त्या दिवसापासून त्यांनी वहिनींशी बोलणं टाकलं. जेवायला बसताना पाठ करून बसायचे. अर्ध्या घरात पाठ करायला जागा तरी कितीशी असणार?

ताडपत्री आली नाही. आम्ही खताची रिकामी पोती उसवून, जोडून वर टाकली. ती गळायची. खाली भांडी ठेवायची, भरली की ओतायची. जाऊबाईंनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊन चार पिल्लं आणली आणि खोक्यात ठेवली. त्यांतली दोन मेली. त्यांनी ती पुरली आणि हात धुऊन भाकरी थापायला बसल्या.

गावात बोभाटा झाला तो वेगळाच. कंडक्टरनं विधवा बाईचे पैसे खाल्ले आणि कर्जही मिळवून दिलं नाही! खरं सांगितलं म्हणून लबाड ठरला बिचारा. त्याच्याकडं कुणी फिरकेना. कंपनीनंही त्याला काढून दुसरा माणूस नेमला, हसतमुख, कडक इस्त्रीचा, एक पैसा न घेणारा. एकदा संध्याकाळी कंडक्टर पैसे परत द्यायला आमच्याकडं आला.

"काम झालं नाही तुमचं," तो म्हणाला.

"झालं की," जाऊबाई म्हणाल्या. "चहा घ्या. आता घ्यायला हरकत नाही."

तो चहा पिऊन गेला. पैसे परत घेऊन गेला.

आमच्या समोरच्या दूधवाल्याचा गोठाही त्याच वाऱ्यात गेला होता. त्यानं नव्या माणसाकडून कर्ज घेतलं, फुकटात. गोठा झाला, पक्का, हिरव्या पत्र्यांचा. हे रोज तो गोठा बघायचे आणि मग वर आमच्या पोत्यांकडं बघायचे. दुसऱ्या वर्षी हप्ता चढला. दूधवाल्यानं एक म्हैस विकली, मग दुसरी विकली, आणि मग त्या पक्क्या गोठ्यात बांधायला काही उरलं नाही. घराला कंपनीचं कुलूप लागलं त्या दिवशी त्याचं कपाट बाहेर काढायला हे गेले होते. परत आले ते दारातच बसले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

परवा तो इस्त्रीवाला आमच्या दारात आला. आम्ही तिघंही अंगणात होतो. हे खुराड्याला जाळी ठोकत होते, नऊ-दहा कोंबड्या झाल्यात आता. जाऊबाई बादलीतून खाद्य टाकत होत्या.

"अजून पोतीच का हो वर?" तो हसत म्हणाला. "छप्पर करून टाकू. तुम्ही फक्त सह्या करायच्या."

यांनी तोंडातला खिळा काढला. "तुमचं काय द्यावं लागेल?"

"छे छे! आपलं सगळं फुकट."

हे जाऊबाईंकडं बघून म्हणाले, "वहिनी, फुकट आहे म्हणतात."

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले. जाऊबाईंचा हात बादलीतच थांबला.

यांनी खिळा जाळीवर धरला आणि हातोडा उचलला.

"मग आपल्याला परवडणार नाही," ते त्या माणसाला म्हणाले.