बार कसला?

परदेशातल्या एका सरकारनं दिल्लीला पाठवलेला कागद मुंबई, सांगली असा फिरत जतला फौजदार दीपमालाच्या हाती आला, तेव्हा उत्तराचा शेवटचा दिवस उजाडला होता. तिकडच्या एका शहरात रविवारी दारूच्या बारमध्ये बॉम्ब फुटून सहा माणसं गेली होती. त्याआधी तीन दिवस, तिथं वेल्डिंग करणारा जत तालुक्यातला रविराज घरी फोनवर म्हणाला होता, ‘रविवारी बार उडवून टाका. कुणाला सांगू नका.’ आता तो अटकेत होता. कागदावर वाक्य इंग्रजीतच होतं, मूळ आवाज पाठवलेला नव्हता.

दीपमालानं ते मनातल्या मनात मराठीत आणलं आणि तिला हसू आलं. बार उडवणं म्हणजे इकडं लग्न उरकणं, नाहीतर सुरुंग लावणं. कोणता, एवढंच विचारायचं होतं.

रविराजचे वडील कोंडीबा अंगणात मेंढ्यांना पाला टाकत होते.

“लग्नाचा बार, म्याडम,” ते चटकन म्हणाले. “आमच्या राणीचं लगीन.”

“आवं, ह्यांचं काय ऐकताय!” रविराजच्या आई धोंडुबाई दारातून म्हणाल्या. “हिरीचा बार. भावकी पान्यात वाटा मागत येती, म्हनून पोरगं बोललं, सांगू नगा.”

“तू गप गं!”

“माझं लगीन?” राणी बाहेर आली. “आबा, नवऱ्याचं नाव तरी सांगा की!”

कोंडीबांनी पाल्याची पेंढी खाली टाकली. “म्याडम, सुरुंगाचं नाव काढलं की पोरगं गेलं. लग्नानं कुनी मरत न्हाई. लगीनच लिवा.”

दीपमालाला हे खोडता येईना. कोंडीबांबरोबर जाऊन विहीर तिनं स्वतः पाहिली. ताजा फुटलेला खडक होता, काठावर दगडांचा ढीग. ठेकेदाराचा परवाना चोख होता, सुरुंगही त्याच रविवारी लावलेला. खरं तेवढंच लिहायचं, तर लिहावं लागणार होतं की संशयिताच्या सांगण्यावरून त्याच्या घरच्यांनी त्याच दिवशी स्फोट घडवला. एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकाही शब्दानं रविराज सुटत नव्हता. तिनं वाक्य उलटसुलट करून पाहिलं. दर वेळी ते जास्तच वाईट दिसत होतं.

शेवटी तिनं काठावरूनच फोनवर इंग्रजीत छोटं लिहिलं, ‘ब्लास्ट वॉज फॉर वेल’, आणि परवान्याचा फोटो जोडून सांगलीला पाठवलं.

दहा मिनिटांत तिथल्या साहेबांचा फोन आला. “अहो मॅडम, स्फोट भल्यासाठी होता, असं लिहितात का कुठं?”

“वेल म्हणजे विहीर, सर.”

“ते मला कळतं हो. तिकडं कळेल का? त्यांच्याकडं विहिरी असतात का तरी? आणि असल्या, तरी त्या अशा फोडतात का?”

हे दीपमालाला माहीत नव्हतं.

“काय म्हनत्यात?” कोंडीबा तिच्या तोंडाकडं बघत होते. “सुटंल न्हवं?”

“माहीत नाही, बाबा. विहीर म्हणजे काय ते विचारतायत.”

कोंडीबांना वाटलं, थट्टा चाललीय. तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, “मग दावा की त्यास्नी.”

“सर, व्हिडिओ पाठवते,” ती म्हणाली. “पुढं पाठवाल ना?”

“पाठवा. बघतो.”

तिनं काठावर गुडघे टेकून फोन आत धरला. खाली अंधार दिसत होता, त्यात काही ओलं चमकत होतं. कोंडीबा तिच्या शेजारी वाकले आणि फोनकडं तोंड करून ओरडून सांगू लागले, “साहेब, ही हीर! ह्यो बार!”