शनीचं कडं आणि धुरपताबाईंचा डोळा

दचकू नका, मी दुर्बीण बोलतेय. जंगलाला लागून असलेल्या एका विद्यापीठाच्या गच्चीवर, पत्र्याच्या घुमटाखाली उभी असते मी.

माझा डोळा म्हणजे माझ्या तळाशी बसवलेला आरसा. तो विकत आणलेला नाही. रोशनी नावाच्या विद्यार्थिनीने पिंपावर काच ठेवून, त्याभोवती फिरत, काचेवर काच घासून तो घडवला. हात सोलवटले तिचे. आरशाला चकाकी चढवून आणल्यावर तिने माझ्यातून पहिल्यांदा शनी पाहिला, आणि ‘अगं बाई!’ म्हणत स्टुलावरून पडता पडता वाचली. किती बरं वाटलं होतं मला!

आज तीच रोशनी इथे शिकवते. नेमणूक दरवर्षी नव्याने होते, म्हणून दार वाजलं तरी तिला नोकरी गेल्यासारखं वाटतं. गेल्या पावसाळ्यात घुमट गळला, आरशावर बुरशी आली, चकाकी गेली. आता माझ्यातला शनी म्हणजे नुसता पांढरट गोळा. तिला ते माहीत आहे. पण सांगायला गेलं की ‘दुर्बिणीवर झाकण कोणी घालायचं होतं, मॅडम?’ असं विचारतील, या धास्तीने ती गप्प.

आणि तशातच लोकांसाठी आकाशदर्शन ठरलं. जिन्यात शनीचं मोठं चित्र टांगलं होतं. माणसं ते बघत वर आली, मला डोळा लावला आणि चित्रातलंच सांगत सुटली. ‘वा, कडं काय सुरेख आहे!’ प्रमुख पाहुणे म्हणाले. मग त्यांच्यामागच्या सगळ्यांनाच कडं दिसलं. दिसलं नाही म्हणायला माणसं फार भितात हो.

मग धुरपताबाई आल्या. राजुऱ्याकडच्या, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी इथेच शिकणाऱ्या नातीकडे, साक्षीकडे, राहायला आलेल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालेला, दुसऱ्याचा पुढच्या आठवड्यात. नवा डोळा मिळाल्याच्या खुशीत कठडा न धरता, नातीच्या पुढे जिना चढल्या. तोच डोळा त्यांनी मला लावला.

“कडं कुठी हाय वो मॅडम? मले तं कापसाचं बोंड दिसून राह्यलं.”

मागे हशा पिकला. “आजीले शनीवर बी कापूसच दिसते!”

“नीट पाय नं आजी,” साक्षी म्हणाली. “सगळ्यायले दिसलं, तुलेच काऊन नाई दिसत?”

बाईंनी पुन्हा पाहिलं. खूप वेळ. बाई, खरंच बोंडच होतं ते! माझ्यापाशी तेवढंच होतं.

रोशनीने तोंड उघडलं. तेवढ्यात पाहुण्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “ऑपरेशन ताजं असलं की होतं असं,” ती पुटपुटली. “पुढचे या.”

“म्हंजे डोळा बिघडला माहा,” धुरपताबाई साक्षीला म्हणाल्या. “दुसऱ्याले हात नाई लावू देत मी आता. डाक्टरले सांगून दे.”

आणि त्या कठडा चाचपत, एकेक पायरी उतरल्या. मी हाक कशी मारणार? मला मानसुद्धा वळवता येत नाही, कोणी वळवल्याशिवाय.

आता घुमट बंद आहे. रोशनी रोज येते, माझ्या नळीवर हात ठेवते आणि जाते. बाईंच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे.

रोशनी, माझ्यावरची बुरशी राहू दे. पण साक्षी खालीच तुझ्या वर्गात बसते गं. तिला एवढं तरी सांग, की आजीने बरोबर पाहिलं होतं.