कोतवालाच्या वेशातली कोकिळा

वनचौकीच्या भिंतीवर जंगलातल्या पक्ष्यांची यादी रंगवलेली होती. प्रत्येक पक्ष्यापुढे तो पहिल्यांदा ओळखणाऱ्याचं नाव. एकशे बारापैकी एकोणनव्वद ठिकाणी थोरल्या वनरक्षकाचं. नवा पक्षी चढवायचा तर आधी त्यानं पाहून हो म्हणायचं, असा तिथला रिवाज.

त्याचा साडू चौकीवर लागून वर्ष झालं नव्हतं. त्यानं साहेबांना सांगितलं, आपण कोतवाल म्हणून मोजतो त्यातले काही कोतवाल नाहीतच, ती एका जातीची कोकिळा आहे.

थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला काळं दिसलं की कोकिळा वाटते. उद्या कावळ्यालाही सोडायचा नाही."

बायको चादरीची घडी घालत म्हणाली, "मग बघून या की. जळताय कशाला?"

सकाळी साडूला खोटं पाडायचंच म्हणून तो ओढ्याकाठी जाऊन बसला. पक्षी दिसला. तसाच काळा, तशीच दुभंगलेली शेपटी. पण कोतवाल उघड्या फांदीवरून उडत्या किड्यांवर झेपावतो, घारीच्याही मागे लागतो. हा पानांआड गप्प. त्यानं पानावरचा सुरवंट उचलला, फांदीवर आपटला आणि गिळला. मग शीळ घातली, पायऱ्या चढाव्यात तशी, एकेक सूर वर. ही शीळ थोरला एकोणीस वर्षं ऐकत होता आणि भलत्याच पक्ष्याच्या नावावर टाकत होता. पक्षी वळला, तेव्हा शेपटीखाली पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. आपण डोळे मिटून का नाही बसलो, असं त्याला झालं.

कोतवालच आहे म्हटलं असतं तर कोणी उलट विचारलं नसतं. चौकीच्या दारातच साडूनं गाठलं.

"भाऊ, तुमच्यापुढे माझी नजर ती काय. तुम्ही कोतवाल म्हणालात तर माझंच चुकलं."

त्यानं तोरा मिरवला असता तर बरं झालं असतं. थोरला त्याच्याकडे न बघता आत गेला आणि साहेबांना म्हणाला, "कोकिळाच आहे. सुरवंट खाते."

साहेब खूश झाले. रंगाचा ब्रश थोरल्याच्याच हातात दिला, कारण चौकीत अक्षर त्याचं चांगलं. त्यानं एकशे तेरावा पक्षी लिहिला, पुढे साडूचं नाव लिहिलं. एक काना, एक मात्रा चुकवली नाही. फक्त अक्षर इतकं बारीक काढलं, की वाचायला भिंतीला नाक लावावं लागे.