खाऱ्या बादलीला भ्यालेली नागवेल

मित्रांनो, मी एक जुनी नागवेल आहे, आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. माझ्यावर गुदरलेला प्रसंग ऐका, मग हसायचं की नाही ते ठरवा.

हिवरखेडच्या एका पानमळ्यातून नत्थुजींनी माझा तुकडा आणला आणि घरामागच्या सावलीत, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावला. जेवण झालं की त्यांची बायको लीलाबाई माझं एक पान खुडून दुमडायची. ते कट्कन मोडलं की तिचा चेहरा खुलायचा. "टच्च हाय पान!" ती म्हणायची, आणि मला भारी अभिमान वाटायचा.

हा ताठपणा येतो कुठून, ठाऊक आहे? मला काही हाडं नाहीत. माझं अंग म्हणजे पेशींच्या असंख्य इवल्या खोल्या. प्रत्येक खोलीला आतून एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला येऊ-जाऊ देतो, पण आतली साखर आणि क्षार सहसा बाहेर सोडत नाही. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. मातीतलं पाणी गोडं असलं की ते माझ्यात शिरतं, खोल्या भरतात, भिंतींना आतून रेटतात आणि पानं ताठ राहतात. तुमच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. मी त्याला जगणं म्हणते.

पुढे नत्थुजी वारले. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात नोकरीला असलेला मुलगा अश्विन आईला आपल्याकडे घेऊन गेला. लीलाबाईनं सामान फार घेतलं नाही. माझा ड्रम तेवढा पायांशी धरून ती मेटाडोरमध्ये बसली.

त्या गावात नळाला गोडं पाणी चार-आठ दिवसांनी यायचं. ते प्यायला. बाकी सगळं बोअरच्या खाऱ्या पाण्यावर, आणि मीही. सुरुवातीला निभावलं. पण ऊन पाणी उडवून न्यायचं आणि मीठ मातीतच मागे राहायचं. एका दुपारी मुळांना ओल लागली, पण पाणी काही आत येईना. उलट माझ्याच खोल्यांतलं पाणी बाहेर निघालं! भोवती चिखल, आणि मी तहानेनं मरत होते. माझी पानं लोंबली. मी अशी घाबरले की काय सांगू.

लीलाबाईही घाबरली. "काहून वं, मान टाकली तुनं? घर सुटलं म्हणून?" असं म्हणून तिनं आणखी एक बादली ओतली. मग दुसऱ्या दिवशी दोन. ती मायेनं ओतायची आणि मी आतून रिकामी होत जायची. बादलीची कडी वाजली की मला धडकी भरायची. ओरडायला मला तोंड नव्हतं.

"आई, उपटून टाक तिले. दुसरं लावू काही," अश्विन म्हणाला.

"तुह्या बाबानं लावेल हाय ते," एवढंच ती बोलली. त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही.

उन्हाळा होता. लीलाबाईनं आणि सून रूपालीनं लोणच्यासाठी कैऱ्या फोडल्या, मीठ लावून परातीत झाकून ठेवल्या. सकाळी झाकण काढलं, तर फोडी मऊ पडलेल्या आणि परातीत पाणीच पाणी.

"मिठानं ओढून घेतलं सारं," रूपाली सहज बोलली.

लीलाबाईचा हात थांबला. ती माझ्याजवळ आली. ड्रममधल्या मातीवर पांढरा थर साचला होता. तिनं बोट लावलं, जिभेवर टेकवलं. खारट! "मी तं तुले लोणच्यावानी मुरवून राहिली होती वं माय!"

तिनं बादली उचलली. कडी वाजली. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

"आई, ते प्याचं पाणी हाय! नळ कधी येईन, काय माहीत?" अश्विन धावत आला.

"माह्या वाटचं हाय," ती म्हणाली, आणि ओतत राहिली. ड्रमच्या तळाच्या भोकातून खारं पाणी बाहेर वाहून जाईपर्यंत ओतत राहिली. ते पाणी गोडं होतं, मित्रांनो! एकेक खोली भरू लागली. खालची पानं गेलीच. पण शेंड्याची दोन पानं संध्याकाळपर्यंत वर आली. त्यांतलं एकही तिनं खुडलं नाही. नुसता हात फिरवला.

आता तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं गोडं पाणी माझ्या वाट्याला येतं. तुमच्या दारातलं झाड सुकलेलं दिसलं, तर लगेच बादली रिकामी करू नका. माती ओली असूनही ते का सुकलं, हे आधी पाहा. नुसत्या मायेनं आम्ही जगत नाही.

माझी भीती मात्र अजून गेली नाही. कडी वाजली की शेंड्यापर्यंत थरथर होते. लीलाबाईला ते कसं कळतं कोण जाणे. ती बादली खाली ठेवते, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते आणि मला सांगते, "गोड हाय वं. पी."