तीन दातांची गुंडी

मी एक जुनी गुंडी आहे. सदऱ्याची नव्हे, रायफलीची. बोल्टच्या शेपटाला घट्ट बसायचं आणि शिपायाने चिमटीत धरून मागे ओढलं की 'टक्' करून थांबायचं, एवढंच माझं काम. आता मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या एका डोंगराळ गावात, केल ब्रॅनिगनच्या शेडमध्ये, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, डब्याचं झाकण मला आतून उघडता येत नाही. आलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या कुशीवर एक बारीकसा मुकुट ठोकला, खोक्यात भरलं आणि फ्रान्सला, लढाईवर पाठवलं. तिथे एके दिवशी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीपुढे याच गावचा एक शिपाई येऊन उभा राहिला, पर्सी टिंडल. त्याची रायफलही याच गावच्या कारखान्यात घडलेली. पण तिची मूळची गुंडी तडकली होती. मिस्त्रीने खोक्यात हात घातला आणि हाताला लागले ती मी.

मला बसवून झालं तरी पर्सी हलेना.

"जरा तुमचा टोच्या द्या ना, मिस्त्री."

"सरकारी मालावर कोरतोस? सार्जंट सालटं काढील!"

"खालच्या अंगाला टोचतो. वाकून बघायला त्याचं पोटच आडवं येईल."

मिस्त्री हसला. पर्सीने माझ्या पोटाखाली हलक्या हाताने तीन टोचे मारले.

"हे काय?"

"पोरीचे दात. नेलचे. घरून पत्र आलंय, तीन आलेत म्हणे."

"बरं बरं. चौथा आला की ये."

त्या दिवसापासून पर्सी माझ्यावर जुना मोजा गुंडाळून ठेवायचा, चिखल आत जाऊ नये म्हणून. झोपताना त्याचा अंगठा त्या टोच्यांवर असायचा. मला कुणावर रोखलं, ते मात्र मला विचारू नका. चौथ्या टोच्यासाठी तो आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो लढाईत पडला आणि रायफल दुसऱ्याच कुणी उचलली.

लढाई संपली. आम्ही जहाजातून परत आलो आणि फिरत फिरत याच गावच्या नेमबाजी क्लबात पोचलो. तिथली वर्षं चांगली गेली. लोक म्हणायचे, "हिचा टक् ऐका, काय गोड आहे!" पुढे क्लबने जुन्या रायफली काढून टाकल्या, तेव्हा केलने आम्हाला घरी आणलं. केल मनाने वाईट नाही. त्याला वेड एकच, रायफलीचा प्रत्येक भाग मूळचा, गावचा शिक्का असलेला हवा. भिंग घेऊन तो स्क्रूसुद्धा तपासायचा. जुन्या रायफलींच्या प्रदर्शनाच्या आधी त्याचा मित्र मर्व आला आणि माझ्याकडे बोट दाखवून खो खो हसला.

"अरे केल, सगळ्या अंगावर गावचा शिक्का आणि ढुंगणावर इंग्लंडचा मुकुट! परीक्षक काय म्हणतील?"

दुसऱ्याच दिवशी केलने मला काढलं. माझं पोट जुन्या ग्रीसने माखलेलं होतं. त्याने मुकुट पाहिला, खालची बाजू पाहिलीच नाही. माझ्या जागी गावच्या शिक्क्याची गुंडी बसली, मी डब्यात गेले आणि शेडच्या भिंतीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लागली. डब्याच्या कडेला गंजून पडलेल्या भोकातून ती मला दिसे.

मग एका दुपारी नेल आली. पर्सीची नेल, ऐंशीच्या घरातली.

"ही सव्विसावी रायफल रे, केल. बाबांनी शेवटच्या पत्रात लिहिलेली खूण शोधतेय. मरायच्या आधी एकदा हातात धरायचीय."

"कसली खूण? सांगा, मीच बघतो."

"नाही सांगायची. मागे एकाला सांगितली, तर मला बरं वाटावं म्हणून बेट्याने स्वतःच कोरून आणली! तू जा, चहा टाक."

केल चहा टाकायला गेला. नेलने माझ्या जागी बसवलेल्या गुंडीखाली बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. चहा आला तेव्हा तिने हळूच विचारलं, "केल, हिच्यातलं काही बदललंय का रे?"

केलने भिंतीवरच्या फितीकडे पाहिलं.

"छे हो! खिळान्‌खिळा मूळचा आहे."

"मग ही नव्हे," नेल म्हणाली आणि तिने चहाचा कप माझ्या डब्यावर ठेवला. मित्रांनो, तिचा हात माझ्यापासून चार बोटांवर होता. मधे फक्त पत्रा. मला ओरडता आलं नाही.

दोन वर्षांनी केल डबा आवरत होता. त्याने चिंधीने माझं ग्रीस पुसलं आणि मला उलटं केलं.

"मर्व, हे बघ. तीन टोचे. कुणाचा चाळा कोण जाणे."

"असेल कुणाचा. नेल गेली, कळलं का?"

"गेली? अरेरे. कसली खूण शोधायची बिचारी, शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने." हे म्हणताना त्याचा अंगठा त्या टोच्यांवरच होता. मग त्याने मला डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

मित्रांनो, एखादी वस्तू बाकीच्यांत शोभत नाही म्हणून बाजूला काढाल, तेव्हा आधी ती पुसून, उलटी करून पाहा. आणि काही बदललंय का असं कुणी विचारलं, तर खरं तेच सांगा. विचारणारं माणूस किती दारं फिरून आलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं. माझ्या डब्यावर नेलच्या कपाचं गोल वर्तुळ अजून आहे म्हणे. मी आतल्या बाजूला आहे. मला ते दिसत नाही.